पगार जास्त, पण साहेब कसा?

प्रश्न : ताई, यंदा पदवी झाली आणि हातात दोन ऑफर आहेत. एकीकडे पगार बराच जास्त. तिथले मॅनेजर मुलाखतीला पाऊण तास उशिरा आले, माझा बायोडेटा माझ्यासमोरच पहिल्यांदा उघडला आणि ‘आधीची मुलगी फार नाजूक होती, टिकली नाही’ असं हसत म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन : संध्याकाळपर्यंत हो म्हणा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. कसाबसा एक दिवस मागून घेतला आहे. दुसरीकडे पगार कमी, आणि तिथल्या मॅडमनी तासभर प्रश्न विचारून मला घाम फोडला. घरचे म्हणतात, साहेब सगळीकडे सारखेच, तू पैसे बघ. काय करू?

उत्तर : सगळीकडे सारखे नसतात गं. माझी उभी नोकरी एचआरमध्ये गेली. लोकांना घेताना मी समोर असायचे आणि ते सोडून जाताना त्यांचं शेवटचं बोलणंही मीच ऐकायचे. फॉर्मवर सगळे ‘चांगली संधी मिळाली’ असं लिहितात. पेन खाली ठेवलं की साहेबाचं नाव निघतं. गॅलप या संस्थेने 2015 मध्ये अमेरिकेतल्या नोकरदारांची एक पाहणी प्रसिद्ध केली. कधी ना कधी निव्वळ मॅनेजरपासून सुटका म्हणून नोकरी सोडली, असं त्यात जवळपास निम्म्या लोकांनी सांगितलं होतं. माझ्या खोलीत यापेक्षा वेगळं काही ऐकू आलं नाही.

आता तुझे मॅनेजर. उशीर मी सोडून देते, होतो कधी कधी. बायोडेटा न वाचता येणं हा तर मॅनेजर मंडळींचा जुना आजार, त्यांच्या मागे लागून लागून मी थकले. पण सोडून गेलेल्या मुलीची टिंगल एका अनोळखी उमेदवारासमोर? मुलाखतीत माणूस जमेल तितका नीटनेटका वागतो. त्यांचं नीटनेटकं वागणं तू पाहिलंस. उद्या तू सोडून गेलीस की पुढच्या मुलीला तुझ्याबद्दल काय सांगतील, तेही तुला कळलं.

दुसरी खूण त्या संध्याकाळच्या मुदतीची. चांगल्या ठिकाणीही जागा तातडीने भरायची असते, पण तिथे दोन-तीन दिवस मिळतात. तू आज ईमेल कर : ‘लेखी ऑफर हाती आल्यावर तीन दिवसांत कळवते.’ एवढ्यावर कोणी चिडलं, तर पुढचा सगळा शोध वाचला.

चिडले नाहीत, तर दोन गोष्टी विचार. या जागेवर गेल्या दोन वर्षांत किती जण येऊन गेले? आणि मागच्या वेळी काम बिघडलं तेव्हा काय झालं? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात सगळा दोष एकाच माणसाच्या माथी मारला जातोय का, ते ऐक. मग लिंक्डइनवर तिथे पूर्वी काम केलेले दोघं-तिघं शोध. ‘साहेब कसे आहेत’ असं विचारू नकोस, लेखी कोणी खरं सांगणार नाही. फोनवर बोलायची तयारी आहे का ते विचार, आणि फोनवर एवढंच : ‘पुन्हा त्याच टीममध्ये गेला असतात का?’ जो माणूस उत्तराआधी घुटमळतो, त्याने उत्तर दिलेलं असतं. निनावी शेरे वाचायचे तर एखाद्या संतापलेल्या शेऱ्याला भुलू नकोस. तीच तक्रार वेगवेगळ्या वर्षी पुन्हा दिसली, तर मात्र ती खरी धर.

मॅडमनी घाम फोडला म्हणून तू बिचकली आहेस, हे मला तुझ्या पत्रात जास्त खटकलं. कडक आणि वाईट यांची गल्लत नवी मुलं फार करतात. कामावरून कडक असणारा माणूस चूक कुठे झाली ते दाखवतो. वाईट साहेब तुझी लायकी काढतो, तीही चारचौघांत. तासभर कामाबद्दल विचारणाऱ्या बाईंनी निदान तुला ऐकून तरी घेतलं.

इथे एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधक बाईंच्या कामाची आठवण होते. 1990च्या दशकात त्या रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील अशी अपेक्षा होती, पण आकडे उलटे आले : चांगल्या टीममध्येच जास्त चुकांची नोंद. कारण तिथल्या परिचारिका चूक झाली की बोलत होत्या. इतर ठिकाणी भीतीने ती झाकली जात होती. तू नवी आहेस, चुकणारच आहेस. चूक सांगायला जिथे पाय थरथरतात, तिथे तू काम शिकणार नाहीस, लपवणं शिकशील.

तरी मॅडमच्या ऑफरवरही डोळे मिटून सही नको. मुलाखत एकाने घ्यायची आणि हाताखाली दुसऱ्याच्या द्यायचं, हा प्रकार सर्रास चालतो. ‘मी थेट कोणाला रिपोर्ट करणार?’ हे लेखी घे. टीममधल्या एखाद्या ज्युनियरशी, मॅडम खोलीत नसताना, दहा मिनिटं बोलू द्या म्हणून माग. प्रोबेशन किती, नोटीस पिरियड किती, मुदतीआधी सोडलं तर दंड आहे का, हे दोन्ही पत्रांत बघ. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणारा मालक मिळाला, तर प्रती दे आणि घरी ये.

घरात कर्ज असेल, महिना भागत नसेल, तर जास्त पगाराकडे जाण्यात गैर काही नाही. तसं तू लिहिलेलं नाहीस. मी तुझ्या जागी असते तर मॅडमकडे गेले असते.

प्रश्न : नोकरीला लागून चार महिने झाले. साहेब सगळ्यांसमोर ओरडतात, रात्रीही फोन करतात. सोडावीशी वाटते, पण वर्ष पूर्ण नसेल तर बायोडेटा डागाळतो असं मित्र सांगतात.

उत्तर : एक छोटी नोकरी कोणी मनावर घेत नाही, ओळीने तीन असतील तर भुवया उंचावतात. पगार अडकवला, खोट्या कागदावर सही मागितली किंवा अंगचटीला आले, तर वर्षाचा विचारच नको. तसं नसेल तर आधी एकदा, एकांतात, शांतपणे सांगून बघा : ‘चूक मला बाजूला बोलावून सांगितलीत तर लवकर सुधारेन.’ काही जण खरंच वरमतात. तारीख, वेळ आणि बोललेले शब्द स्वतःच्या वहीत लिहीत जा, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नको. दुसऱ्या टीममध्ये जागा आहे का, ते एचआरला विचारा. राजीनामा मात्र दुसरी ऑफर लेखी हातात आल्यावरच. आणि नव्या मुलाखतीत जुन्या साहेबांचा पाढा वाचू नका. ‘काम शिकायला वाव कमी होता’ म्हणा आणि चार महिन्यांत काय केलंत त्याकडे वळा.