रिकामं इनपुट आणि ड्रायव्हर: एका इफने भागत नाही

लिनक्सच्या यूएसबी-सिरियल ड्रायव्हरला ॲप्लिकेशनने शून्य बाइट लिहायला दिले की कर्नल क्रॅश होतो, म्हणून त्याच्या राइट फंक्शनमध्ये ‘काउंट (लिहायच्या बाइटची संख्या) शून्य असेल तर ईइन्व्हॅल (चुकीच्या इनपुटचा एरर कोड)’ अशी ओळ घातली, आता पॅच पाठवू का, असं तुम्ही विचारलंय. एवढ्यात पाठवू नका. क्रॅश थांबेल, पण ॲप्लिकेशनला चुकीचं उत्तर जाईल. शिवाय रिकामेपणा डिव्हाइसच्या बाजूनेही येतो, तिकडे तुम्ही पाहिलेलंच नाही.

आधी मूळ समजून घ्या. शेवटचा न्यूलाइन छाटायला तुमचा कोड बफ[काउंट - १], म्हणजे बफरचा शेवटचा बाइट, वाचतो. काउंट हा साइझ_टी, म्हणजे त्याला ऋण किंमत नाही. शून्यातून एक वजा केला की ६४-बिटवर १८४४६७४४०७३७०९५५१६१५ होतो आणि वाचन बफरच्या एक बाइट आधी जातं. त्याच्या वर पॉइंटर नल (रिकामा) आहे का पाहणारा चेक आहे, तो इथे उपयोगाचा नाही, कारण शून्य आकार मागितला तर मेमरी देणारा केमॅलॉक नल देत नाही, झिरो_साइझ_पीटीआर हा खास पॉइंटर देतो, म्हणजे पत्ता १६. ॲप्लिकेशनचा डेटा कर्नलमध्ये कॉपी करणारा मेमडप_युझरही तेच देतो आणि एरर तपासणारा आयएस_एआरआर त्याला चूक मानत नाही. १६ च्या एक आधी १५, म्हणून तुमच्या ऊप्समध्ये (कर्नलच्या क्रॅश अहवालात) शेवटी ‘एफ’, म्हणजे हेक्समधला १५, असलेला पत्ता आहे. शेवटी नल बाइट जोडणारं मेमडप_युझर_नल वापरलं असतंत तर एक बाइट जास्त घेतला गेला असता, क्रॅश झाला नसता आणि शेजारची मेमरी गुपचूप वाचली गेली असती. ते जास्त वाईट, म्हणून टेस्ट कर्नलमध्ये केएसॅन (चुकीचं मेमरी वाचन पकडणारं साधन) चालू ठेवाच.

परत काय द्यायचं? शून्य. शून्य बाइट मागितले, शून्य लिहिले, चूक कुणाचीच नाही. चेक म्यूटेक्स (लॉक) आणि पीएम_रनटाइम_गेट (डिव्हाइसला जागं ठेवणारा कॉल) यांच्या वर ठेवा. खाली ठेवून थेट रिटर्न केलात तर लॉक अडकून राहील आणि डिव्हाइस कधी झोपणार नाही.

ड्रायव्हरच्या सेटिंग फाइलींसारख्या दाखवणाऱ्या सिसएफएसच्या स्टोअर (लिहिण्याच्या) फंक्शनपर्यंत शून्य काउंट पोचतच नाही, वरचा थर तिथूनच परतवतो. तिथे येतो तो एकटा न्यूलाइन, ‘एको’ नुसता फाइलकडे वळवला की. मजकुराचा आकडा करणारं केएसटीआरटूइंट त्याला ईइन्व्हॅल देतं, ते बरोबरच आहे. स्वतः स्ट्रसेपने मजकुराचे तुकडे करत असाल तर पहिला तुकडा रिकामा असू शकतो हे धरून चाला.

आता डिव्हाइसची बाजू. बल्क ट्रान्सफर (मोठ्या डेटाची यूएसबी देवाणघेवाण) पॅकेटच्या आकाराच्या पटीत संपला, म्हणजे हाय-स्पीडला ५१२ बाइटच्या पटीत, तर शेवट कळवायला डिव्हाइस रिकामं पॅकेट पाठवू शकतं. स्टेटस शून्य आणि ॲक्चुअल_लेंग्थही (आलेले बाइट) शून्य, ही चूक नव्हे. यूआरबी (यूएसबीकडे केलेली डेटाची मागणी) पुन्हा सबमिट करा. हे शून्य जसंच्या तसं रीडमधून वर दिलंत तर ‘कॅट’ला वाटेल फाइल संपली.

प्रोबमध्ये (डिव्हाइस जोडल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) एंडपॉइंट[०], म्हणजे डेटाची पहिली वाट, थेट घेऊ नका, इंटरफेसला एकही एंडपॉइंट नसू शकतो. यूएसबी_फाइंड_कॉमन_एंडपॉइंट्स वापरा. यादीतला पहिला घटक देणारी लिस्ट_फर्स्ट_एंट्रीही रिकाम्या यादीवर नल देत नाही, यादीच्या डोक्यालाच एंट्री समजून भलताच पॉइंटर देते. २०१९ मध्ये एचआयडीच्या (कीबोर्ड, माऊस वगैरे) अनेक ड्रायव्हरांत इनपुटची यादी रिकामी असेल तर ईनोडेव्ह (‘डिव्हाइस नाही’) एरर देण्याची दुरुस्ती एकाच पॅचने झाली, ती यादीत काहीतरी असणारच या गृहितकामुळे.

टेस्ट करताना फसायला होतं ते असं: ‘एको -एन’ला रिकामी स्ट्रिंग दिली तर राइट कॉल होतच नाही, फाइल नुसती उघडून बंद होते आणि टेस्ट पास झाल्यासारखी वाटते. पायथनमध्ये ओएस.राइटला रिकामे बाइट द्या आणि एसट्रेसमध्ये (सिस्टम कॉल दाखवणारं साधन) कॉल खरंच गेला का ते पाहा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या बोर्डाचं डिस्क्रिप्टर (डिव्हाइस स्वतःची देतं ती माहिती) धडधाकट असेल तर प्रोबमधला दोष त्यावर कधीच दिसणार नाही. कर्नलमधले डमी_एचसीडी आणि रॉ_गॅजेट मॉड्यूल लावून शून्य एंडपॉइंटचं खोटं डिव्हाइस उभं करा, हार्डवेअर लागत नाही.

राइट आणि प्रोब यांचे पॅच वेगळे पाठवा. प्रत्येकात फिक्सेस ओळ (दोष आणणाऱ्या कमिटच्या हॅशची किमान १२ अक्षरं), आणि स्टेबल कर्नलच्या यादीला सीसी. ऊप्सचा पत्ता आणि कॉल ट्रेस कमिट मेसेजमध्ये घाला, वेळेचे शिक्के काढून.