'पान'मधला काना कुठे जातो?

प्रश्न : मी मराठी शब्दकोशाची छोटी वेबसाइट बनवतेय. शोधलेला शब्द यूटीएफ-८च्या बाइटांत नेऊन बेस६४ करते, यूआरएलमध्ये प्रश्नचिन्हाच्या पुढे जोडते आणि दुसऱ्या पेजवर उलगडते. 'कमळ', 'घर', 'फूल', 'दिवस' नीट येतात. 'पान' शोधलं की मात्र 'पस)*' उमटतं. 'गाव' आणि 'आकाश' यांचंही असंच काहीतरी होतं. 'गोड' मात्र ठीक! फॉन्ट बदलला, डेटाबेस तपासला. चूक सापडत नाही.

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. 'पस)*' तुम्ही जसंच्या तसं कळवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बहुतेक जण 'काहीतरी कचरा येतो' एवढंच लिहितात, आणि नेमकं त्या कचऱ्यातच उत्तर असतं.

यूटीएफ-८ म्हणजे मजकूर बाइटांत मांडायची पद्धत, आणि बेस६४ म्हणजे कुठलेही बाइट साध्या अक्षर-अंकांत लिहायची पद्धत. देवनागरीतली प्रत्येक खूण यूटीएफ-८मध्ये ३ बाइट घेते. काना, मात्रा, वेलांटी या सगळ्या स्वतंत्र खुणा धरायच्या. बेस६४सुद्धा तीन-तीन बाइटांचेच घास घेतं. ३ बाइट म्हणजे २४ बिट. त्यांचे सहा-सहाचे चार तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याला ६४ चिन्हांपैकी एक मिळतं. ० ते २५ कॅपिटल अक्षरं, २६ ते ५१ लहान, ५२ ते ६१ अंक, ६२ला + आणि ६३ला /. म्हणजे एका मराठी खुणेची बरोबर चार चिन्हं होतात.

आता काना घ्या. त्याचे बाइट २२४, १६४, १९०. बिट मांडले की १११०००००, १०१००१००, १०१११११०. सहा-सहाने तोडा : १११०००, ००१०१०, ०१००१०, १११११०. आकड्यांत ५६, १०, १८, ६२. चिन्हांत ४, कॅपिटल के, कॅपिटल एस आणि +. पहिली तीन चिन्हं 'प', 'न', 'क', 'म' यांचीही तीच. फरक फक्त शेवटच्या चिन्हात. आणि आपल्या कान्याच्या वाट्याला नेमकं + आलंय.

यूआरएलमध्ये प्रश्नचिन्हापुढच्या मजकुरात + म्हणजे स्पेस, हा वेब फॉर्मचा जुना संकेत आहे. तुमचा सर्व्हर तो इमानाने पाळतो आणि कान्याचं + स्पेस होऊन बसतं. बेस६४ उलगडणारी बरीच फंक्शनं स्पेस दिसली की मुकाट ओलांडून पुढे जातात, ब्राउझरमधलं एटूबीही (atob). मग पुढची सगळी चिन्हं एक घर अलीकडे सरकतात. कान्याच्या उरलेल्या तीन चिन्हांना 'न'चं पहिलं चिन्ह, म्हणजे ४, येऊन चिकटतं आणि ही चार चिन्हं एकत्र वाचली की बाइट निघतात २२४, १६४, १८४. हा 'स'! 'न'ची उरलेली तीन चिन्हं उलगडली की ४१ आणि ४२, म्हणजे ) आणि *. तुमचा 'पस)*' असा तयार झाला. हे कागदावर जुळलं तेव्हा मला फार आनंद झाला.

'गोड' का वाचतो? डोळ्यांना 'गो'मध्ये काना दिसतो, पण युनिकोडमध्ये 'ो' ही एकच अखंड खूण आहे. तिचं शेवटचं चिन्ह कॅपिटल एल, म्हणून धोका नाही.

'दिवस' बरोबर येतो यावर मात्र विसंबू नका. पहिल्या वेलांटीचा शेवटचा बाइट १९१, म्हणून तिच्या वाट्याला /. प्रश्नचिन्हापुढे / चालून जातं. उद्या तुम्ही यूआरएल सुटसुटीत करायला शब्द प्रश्नचिन्हाच्या अलीकडे, पाथमध्ये आणलात, की त्याच / मुळे पाथचे दोन तुकडे होतील आणि 'दिवस' शोधणाऱ्याला पेज सापडणार नाही.

म्हणून काना आणि वेलांटीसाठी वेगळी अट लिहायचा मोह झाला असेल तर थांबा. 'गोड फळ' करून बघा. त्यात एकही काना नाही, पण मधल्या स्पेसचा एकच बाइट असल्यामुळे तिनाची घडी सरकते आणि + येतं ते 'फ' आणि 'ळ' यांच्या सांध्यातून. चूक अक्षरांत नाही. चूक बेस६४चा नेहमीचा चिन्हसंच यूआरएलमध्ये वापरण्यात आहे. तो संच ठरला ईमेलसाठी, जिथे फक्त ७ बिटांचा साधा मजकूर बिनधोक पोचायचा. तिथे + आणि / यांनी कुणाचं काही बिघडत नव्हतं.

उपाय : २००६च्या आरएफसी ४६४८ या इंटरनेट-मानकांच्या दस्तऐवजात यूआरएलसाठी वेगळा संच दिला आहे. + ऐवजी -, / ऐवजी _, आणि शेवटची = चिन्हं गाळलेली चालतात. एका फंक्शनमध्ये ही अदलाबदल करा, उलगडण्याआधी दुसऱ्यात ती उलटी करा. एटूबीला - आणि _ समजत नाहीत. जुन्या लिंका लोकांकडे गेल्या असतील तर त्यांच्यासाठी उलगडण्याआधी स्पेसचं पुन्हा + करा. खऱ्या बेस६४मध्ये तुम्ही स्पेस घातलेलीच नसते, त्यामुळे यात जोखीम नाही.

ही चूक माझ्या हातूनही झाली आहे. पासवर्ड बदलायची लिंक ईमेलने पाठवणारा भाग मी लिहिला होता. ३२ रँडम बाइटांचं टोकन, बेस६४ करून थेट लिंकमध्ये. लोक कळवायचे की लिंक चालत नाही. मी तपासायचो तेव्हा चालायची, म्हणून 'पुन्हा मागवा' असं उत्तर द्यायचो, आणि पुन्हा मागवल्यावर बऱ्याचदा चालायचीही! हिशेब नंतर केला. एवढ्या टोकनमध्ये निदान एक + असण्याची शक्यता ४८ टक्के. जवळजवळ निम्म्या लिंका मी मोडक्या पाठवत होतो आणि वर लोकांच्या कॉपी-पेस्टवर शंका घेत होतो. त्या लोकांचा वाया गेलेला वेळ मला अजून डाचतो.

आणि एक विचारतो. बेस६४ हवंच कशाला? ते चित्र, सही, टोकन अशा मजकूर नसलेल्या बाइटांसाठी आहे. तुमचा शब्द मुळातच मजकूर आहे. जावास्क्रिप्टचं एनकोडयूआरआयकंपोनंट (encodeURIComponent) हे फंक्शन वापरलं की प्रत्येक खुणेची ४ऐवजी ९ चिन्हं होतात हे खरं, पण आजचे ब्राउझर ॲड्रेस बारमध्ये तो शब्द बहुतेक वेळा सरळ देवनागरीत दाखवतात. शब्दकोशाच्या लिंकमध्ये शब्द वाचता येणं मला लांबीपेक्षा फार मोलाचं वाटतं. तुमच्या जागी मी असतो तर बेस६४ काढूनच टाकलं असतं.

प्रश्न : सगळी चित्रं बेस६४ करून सीएसएसमध्येच घातली तर सर्व्हरकडच्या फेऱ्या वाचतात असं ऐकलं. तसं करू का?

उत्तर : सगळी नको. ३ बाइटांची ४ चिन्हं होतात, म्हणजे ३०० केबीच्या फोटोचे ४०० केबी. जेपेग आधीच दाबलेला असतो. सर्व्हरकडून येताना फाइल दाबणारं जीझिप ही वाढ बरीचशी भरून काढतं, पण फायदा असा उरत नाही. वजनापेक्षा वाईट गोष्ट दुसरी आहे : सीएसएस पूर्ण येईपर्यंत ब्राउझर पेज रंगवत नाही, आणि तुम्ही त्या सीएसएसमध्ये फोटो कोंबलेत. शिवाय एक रंग बदललात तरी सगळे फोटो पुन्हा डाउनलोड. एक-दोन केबीचं आयकॉन असेल तर खुशाल घाला. एसव्हीजी असेल तर त्यालाही बेस६४ नको. तो मजकूरच आहे, टक्केचिन्हांनी एनकोड केला की डेटा यूआरएलमध्ये तसाच बसतो.

प्रश्न : युजरचे पासवर्ड आम्ही बेस६४ करून डेटाबेसमध्ये ठेवतो. कुणालाच वाचता येत नाहीत. एवढं पुरेसं आहे ना?

उत्तर : नाही, आणि हे पत्र मी बाकीची बाजूला ठेवून आधी वाचायला हवं होतं. बेस६४ला किल्ली नसते. वर मी पेन्सिलीने जे केलं तेच कुणीही तुमच्या पासवर्डांचं करू शकतो, आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये तर एका ओळीत. पासवर्ड आरगॉन२ किंवा बीक्रिप्टने हॅश करून, म्हणजे उलट उलगडता न येणाऱ्या रूपात, ठेवा. सध्याच्या सगळ्या नोंदी उलगडून हॅश करता येतील. मूळ पासवर्ड तुमच्याकडे उघडेच आहेत, म्हणून लोक लॉगिन करतील तेव्हा बघू, अशी वाट बघायची गरज नाही. आजच करा, आणि मग जुने बॅकअप कुठे कुठे पडले आहेत ते शोधा, कारण त्यांतही तेच पासवर्ड आहेत.