पान सुरळी झालं म्हणजे पीक हरलं असं नाही

प्रश्न असा आहे: भर दुपारी मक्याची पानं सुरळी होतात, शेजारची ज्वारी मात्र ताठ उभी. मग मका पाण्याच्या ताणाला अगदीच कच्चा का?

ज्वारी सरसच आहे, पण तुम्ही पुरावा चुकीचा धरलाय. सुरळी हा बचाव आहे. पानाच्या वरच्या अंगाला मोठाल्या फुगीर पेशी असतात. पाणी कमी पडलं की त्या आक्रसतात, पान मिटतं आणि ऊन कमी झेलतं. सोबत अब्सिसिक आम्ल हे ताणाचा इशारा देणारं संप्रेरक वाढून पर्णरंध्रंही, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, मिटतात. तोटा एवढाच की कर्बवायूही आत येत नाही. म्हणून मी दुपारचं पान बघतच नाही, पहाटेचं बघतो. तेव्हाही सुरळी असेल तर मुळांना रात्रभरात पाणी मिळालेलं नाही.

खरी गोम फुलोऱ्यात आहे. ताणातही मक्याचा तुरा बहुधा वेळेवर पराग सांडतो, पण कणसाचे केस अडकतात, कारण पेशी पाण्याने फुगल्याशिवाय केस लांबत नाहीत. ते बाहेर येईतो पराग संपलेला. एक केस म्हणजे एक दाणा! शेंड्याकडचे केस सगळ्यात शेवटी निघतात, म्हणून टोकं बोडकी राहतात. पराग पडून चार-पाच दिवस झाले की एक कणीस जपून सोला आणि हलवा. फळलेल्या दाण्यांचे केस गळून पडतात. जे चिकटून राहिले, तिथे फलन झालेलं नाही. मक्याचे पैदासकार, म्हणजे नवे वाण तयार करणारे, म्हणूनच तुरा आणि केस यांतलं अंतर मोजतात.

गहू आणि भात त्याआधीच मार खातात. पोटरीत, म्हणजे ओंबी अजून पानाच्या वेष्टनात असताना, ताण बसला की परागकणांत स्टार्च भरत नाही, ते वांझ निघतात. ओंबी दिसायला हिरवीगार, आत पोचट. नंतर पाणी देऊन ते दाणे परत येत नाहीत.

ज्वारीच्या खोडावरून बोट फिरवा, पांढरी भुकटी लागेल. तो मेणाचा थर. मुळं खोल जातात, आणि ताणात थबकलेली वाढ ओल मिळताच पुन्हा सुरू होते. बाजरीत मुख्य कणीस फसलं तरी मागाहून येणारे फुटवे थोडीफार भर काढतात.

भातात मुळांचा कोन ठरवणारा 'डीआरओ१' हा जनुक २०१३ मध्ये जाहीर झाला. उथळ मुळांच्या आयआर ६४ वाणात तो घातल्यावर मुळं खोल गेली आणि ताणातलं उत्पादन सुधारलं. अर्थात खाली ओलच नसेल तर खोल मूळ काय करणार?

तुमच्याकडे एकच पाणी देण्याजोगं असेल तर मक्याला ते तुरा निघायच्या आसपास द्या. त्याआधी दुपारची सुरळी झाली तर होऊ दे.