मुलगी फुकट लिहीत बसते, त्याचं काय?

"मुलगी रत्नागिरीला बी.एस्सी. आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी आली की कोडिंग सोडून एका ओपन सोर्स (म्हणजे जिचा कोड सगळ्यांना खुला आहे अशा) प्रोग्रामिंग भाषेच्या विकीवरची पानं रात्र रात्र दुरुस्त करते. पैसा कोणी देत नाही. यात करिअर आहे का?"
– एक आंबा बागायतदार, देवगड

सप्रेम नमस्कार,

तुमच्याकडे फवारणीची वही असेलच. मोहर कधी फुटला, तुडतुडा कधी दिसला, कुठल्या तारखेला काय मारलं. तुम्ही लिहिता, घरातलं कोणी भर घालतं, चुकलेलं खोडतं. विकी म्हणजे तीच वही, फक्त सगळ्या जगाला उघडी. शिवाय कोणी कधी काय बदललं, हे पानाच्या इतिहासात राहतं. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरने १९९५ मध्ये पहिलं विकी सुरू केलं, तेही प्रोग्रामर मंडळींसाठीच.

वही जुनी झाली की घोटाळा होतो. पायथॉन ही अशीच एक प्रोग्रामिंग भाषा. तिच्या जुन्या आवृत्तीचा, म्हणजे पायथॉन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, तरी प्रिंट या आज्ञेला कंस नसलेली त्या काळची उदाहरणं अजून सापडतात. नवशिका ती उतरवतो, आजचं पायथॉन ३ एरर देतं आणि त्या पोराला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. असं पान सुधारायचं तर आधी उदाहरण चालवून बघावं लागतं. म्हणजे तुमच्या लेकीचं कोडिंग सुटलेलं नाही!

पैशांचं स्पष्ट सांगतो. विकीवर लिहून पगार मिळत नाही. सॉफ्टवेअर कंपन्यांत टेक्निकल रायटर (सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहून देणारा) हे पद असतं, पण तिथे नुसतं "विकीवर लिहिते" म्हणून भागत नाही, कारण विकीवर बहुधा कोणीही लिहू शकतं. पायथॉनचं अधिकृत डॉक्युमेंटेशन, म्हणजे भाषा कशी वापरायची त्याची माहिती, विकीवर नसतं. ते कोडसोबत गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामर मंडळी कोड ठेवतात त्या वेबसाइटवर असतं. तिथे बदल सुचवला की जाणकार तो तपासतात, खोट काढतात, परत पाठवतात. तिने आता अशा कामाकडे वळावं. शिकताना ती स्वतः जिथे अडली होती, तेच पान आधी घ्यावं. चारदा परत येऊन शेवटी स्वीकारला गेलेला एक बदल मला शंभर किरकोळ दुरुस्त्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

जागरणाबाबत मात्र मी तुमच्या बाजूने आहे. परीक्षेच्या महिन्यात विकी बंद. आणि मृग लागला की तुमच्याकडे लाइटचा भरवसा नसतो, तेव्हा मजकूर आधी नोटपॅडमध्ये लिहून सेव्ह करायला सांगा. अर्धं पान असंच गमावून मी एकदा चांगलाच वैतागलो होतो.