आठ जण ‘बघू’ म्हणतात तेव्हा

प्रश्न : मी देवगड तालुक्यातली. बीएस्सी ॲग्री करून एप्रिलपासून औषधं-खतं विकणाऱ्या कंपनीत फील्डवर आहे. दिवसाला दहा बागायतदारांकडे जाते, आठ जण ‘बघू’ म्हणतात. एकाने तर चारचौघांत विचारलं, ‘गो चेडवा, तू माका आंबो शिकवतलंस?’ आता कुणाच्या अंगणात पाऊल टाकताना भीक मागायला आल्यासारखं वाटतं. आत्या म्हणते, एवढं शिकून दारोदार फिरतेस. अठरा हजारांचा व्यक्तिमत्त्व विकासाचा क्लास लावू, की नोकरी सोडून एमपीएससीला बसू?

उत्तर : तुझ्या पत्रात आठ ‘बघू’ मोजलेत, पण ते आठ जण कोण, कुठल्या महिन्यात भेटले, बाग कोण सांभाळतं, यातलं एक अक्षर नाही. मला सगळ्यात आधी तेच खटकलं.

तू एप्रिलात रुजू झालीस. तेव्हा पेट्या भरायच्या धांदलीत कुणाला मान वर करायला फुरसत नसते. मोहर लवकर यावा म्हणून कलमांना द्यायचं पॅक्लोब्युट्राझॉल देतात जुलै-ऑगस्टात. ऑक्टोबरात ते घेऊन गेलीस तर लोक हसणारच. मोहराच्या फवारण्या सुरू होतात तेव्हा आंब्याचा पैसा केव्हाच संपलेला असतो आणि कित्येकांनी वाशीच्या दलालाकडून उचल घेतलेली असते. शिवाय बऱ्याच जणांनी कलमं कराराने दिलेली असतात. औषध कुठलं मारायचं ते करारदार ठरवतो, आणि तू मात्र पडवीत बसलेल्या आजोबांना अर्धा तास समजावत असतेस! ते बिचारे ‘बघू’ म्हणतात, कारण ‘माझ्या हातात काही नाही’ हे परक्या मुलीसमोर बोलायला त्यांना जड जातं. लाज दोन्हीकडे आहे.

मी उमेदवारीत चिपळूण-गुहागर भागात विमा विकायचो. दुकानातली गिऱ्हाइकं जाईपर्यंत रस्त्यापलीकडे उभा राहायचो. तोवर एक वाजायचा, दुकानदार फळ्या लावून जेवायला निघायचा. मला बघूनच फळ्या लागल्या, असं मी कित्येक महिने धरून चाललो होतो. (दुपारी एक ते चार कोकणात काही विकायला जाऊ नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुला सांगून ठेवतो.)

म्हणून एक वही कर. भेट झाली की गाडीवर बसण्याआधी लिही : बाग कुणाची, निर्णय कोण घेतं, पैसा कधी येतो, मागच्या वर्षी कुठली कीड होती, आणि ‘बघू’च्या आधीचं वाक्य काय होतं. ते वाक्य नीट ऐक. ‘मागच्या खेपेला तुमच्या माणसाने भलतंच औषध गळ्यात मारलं’ असं असेल, तर तो राग तुझ्या आधीच्या माणसावरचा आहे. महिन्याभरात वही चाळलीस तर खरोखर तुझ्या चुकीने गेलेल्या ऑर्डरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघतील. त्या मात्र सुधारायच्या.

कंपनीने पाठ करून घेतलेलं पुस्तकी मराठी बाजूला ठेव. मालवणी बोल. आणि विकण्याआधी बघायला शीक. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं मोहर संरक्षणाचं वेळापत्रक तुला तोंडपाठ हवं, पण आठवडाभर फवारणीच्या गड्यांबरोबरही फीर. मोहर झटकला की तुडतुडे किती उडतात, भुरी (बुरशीचा रोग) कुठे धरते, पानं चिकट कशाने होतात, हे डोळ्यांनी बघ. मोहर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक मारलं तर परागीभवन करणाऱ्या माश्या मरतात आणि फळ धरत नाही. अशा बागेत उभी राहून ‘काका, आज फवारू नकात’ असं एकदा म्हणून बघ. त्या दिवशी ऑर्डर जाईल. पण भीक मागायला आलेला माणूस असं बोलत नाही, हे तुझं तुलाच जाणवेल. यावर साहेब ओरडला आणि ओरडतच राहिला, तर कंपनी बदल. धंदा बदलायची गरज नाही.

क्लास नको. त्या पैशांत गाडीचं सर्व्हिसिंग कर, रेनकोट घे. एमपीएससी द्यावीशी वाटत असेल तर जरूर दे, पण आत्याचं तोंड बंद करायला म्हणून नको. (तिच्या घरचे काजू गिऱ्हाइकापर्यंत कोण पोचवतं, हे तिला विचारू नकोस, उगाच भांडण होईल.) आडबाजूच्या बागेत जाताना ऑफिसात कळवून जा, एकटी असशील तर कुणाला तरी सोबत घे.

राहिला तो चारचौघांत बोलणारा बागायतदार. त्याच्याकडे परत जायचं, सकाळी आठच्या सुमारास. बॅग गाडीच्या डिकीत राहू दे, हातात फक्त भिंग घे. त्याने पुन्हा तेच विचारलं तर म्हण, ‘नाय हो, शिकूक इलंय.’ मग त्याने आधी कुठलं कलम दाखवलं ते मला कळव.