कमी वीज खाणारा आणि पर्यावरणाला कमी त्रासदायक एसी कसा निवडावा?

सगळे स्टार मोजतात. मी आधी बाहेरच्या युनिटवरची पट्टी वाचतो, गॅस कोणता ते तिथे लिहिलेलं असतं. आर-४१०ए हवेत सुटला तर १०० वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट तापमानवाढ करतो, आर-३२ सुमारे ६७५ पट. आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन, त्याचा आकडा ५ च्याही खाली. पण तो पेट घेणारा, त्यामुळे बसवणारा जाणकारच हवा.

विजेचं म्हणाल तर इन्व्हर्टर एसी घ्या. साधा कॉम्प्रेसर एकतर पूर्ण जोरात, नाहीतर बंद. इन्व्हर्टर खोली गार झाली की वेग उतरवून चालत राहतो. टन मात्र खोलीच्या मापानेच. ‘असू दे जरा मोठा’ म्हणून घेतलेला एसी पटकन गार करून थांबतो, दमटपणा तसाच, अंगाला चिकचिक.

आणि बसवताना समोर उभे राहा. नळीतली हवा व्हॅक्यूम पंपानेच काढायला हवी. पंप न आणता थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलणारे बरेच असतात (‘असंच करतात साहेब’), त्यांना तिथेच थांबवा.