सोसायटीच्या आवारात हातात धरायचा पॉवर स्वीपर कसा वापरावा?

तुम्ही लिहिलंय की दादरच्या सोसायटीसाठी हा स्वीपर घेतला, पण खडे उडून गाड्यांवर आपटतात. दोष बहुतेक वेगाचा आणि दाबाचा आहे. रोलर, म्हणजे दांड्याच्या टोकाला फिरणारा रबरी पट्ट्यांचा किंवा ब्रशचा भाग, जमिनीला नुसता टेकू द्या. दाबून धरला की मोटरवर ताण येतो आणि रबरी पट्ट्या झिजतात. वेग कमी ठेवा, सावकाश पुढे चाला, आणि रोलर किंचित तिरका धरा म्हणजे कचरा गाड्यांकडे न जाता कुंपणाच्या भिंतीकडे जाईल.

पावसाळ्यात रेन ट्रीची बारीक पानं पेव्हर ब्लॉकला अशी चिकटतात की खराटा नुसता वरून घसरतो. तिथे रबरी पट्ट्या छान चालतात. फटींतल्या शेवाळाला मात्र ब्रशचा रोलरच हवा. कोरड्या दिवसांत आधी थोडं पाणी शिंपडा, नाहीतर सगळी धूळ तळमजल्याच्या घरांत जाते. बॅटरीचं मशीन भर पावसात बाहेर काढू नका.

गॉगल, कानांना मफ आणि बंद बूट हवेतच. सफाई करणाऱ्या दादांना चपलेवर हे काम करू देऊ नका, बूट सोसायटीने घेऊन द्यावेत. 15 मीटरच्या आत कुणी नको, म्हणून मुलं शाळेच्या बससाठी उतरतात ती वेळ टाळा.

सगळ्यात महत्त्वाचं: रोलरमध्ये मांजा किंवा प्लास्टिकची पिशवी गुंडाळली गेली, तर आधी बॅटरी काढा. पेट्रोलचं असेल तर इंजिन बंद करून स्पार्क प्लगची कॅप काढा. मगच हात घाला.